पिंजऱ्यात किती, तळ्यात किती?

शेततळ्यात पिंजरे टाकून मासे वाढवू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घनमीटरला बोटुकली किती सोडायची? कुणी पन्नास सांगतो, कुणी शंभर. दोन्ही आकडे कुठल्या ना कुठल्या पाण्यात खरे ठरलेले असतात. तुमच्या पाण्यात ते चालतील का, हे मात्र तपासावेच लागते.

त्याची रीत अवघड नाही. एकाच मापाचे पिंजरे आणि एकाच वजनाची तिलापियाची बोटुकली घ्यायची. काही पिंजऱ्यांत घनमीटरला 50, काहींत 100, काहींत 150 सोडायची. प्रत्येक घनतेचे किमान तीन पिंजरे हवेत आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायला हव्यात. नाहीतर वाऱ्याच्या तोंडावरच्या पिंजऱ्याला खेळते पाणी मिळते आणि श्रेय घनतेला जाते. दर पंधरवड्याला वजन करून त्या प्रमाणात खाद्य द्यायचे. काढणीला किती मासे जगले, सरासरी वजन किती भरले, किलोभर मासळीमागे खाद्य किती गेले, हे मांडायचे.

दाटी वाढली की बहुधा पिंजऱ्यातले एकूण वजन वाढते, पण एकेक मासा लहान राहतो. बाजार भाव देतो तो माशाच्या आकाराला, त्यामुळे सर्वाधिक उत्पादनाची घनता हीच सर्वाधिक नफ्याची असेल असे नाही. तिलापिया फार विरळ ठेवूनही चालत नाही. दांडगे नर जागा अडवतात, बाकीच्यांना खाद्याजवळ फिरकू देत नाहीत.

माझ्या मते खरी मेख पिंजऱ्याच्या बाहेर आहे. मोठ्या जलाशयात वारा आणि लाटा पिंजऱ्यातले पाणी बदलत राहतात. शेततळ्यात सगळे पिंजरे त्याच साठ्यावर जगतात. 30 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. दिवसा शेवाळ त्यात भर घालते. रात्री मासे आणि तेच शेवाळ तो वापरतात. म्हणून मोजमाप दुपारी नव्हे, पहाटे उजाडण्यापूर्वी करायचे, तेही पिंजऱ्याच्या आत. जाळ्याचे आस शेवाळाने बुजले असतील तर आतला आकडा बाहेरच्यापेक्षा कमी येतो. मोकळा मासा बऱ्या पाण्याकडे सरकतो, कोंडलेल्याला तेवढीही सोय नाही.

आता हिशोब करून पाहा. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्यात उतार वजा जाता सुमारे 2 हजार घनमीटर पाणी मावते. त्यात 4 घनमीटरचे 10 पिंजरे, घनमीटरला 50 मासे, म्हणजे 2 हजार मासे. प्रत्येकी 400 ग्रॅम झाले की 800 किलो; तळ्याच्या घनमीटरमागे 400 ग्रॅम. एप्रिलमध्ये डाळिंबाला पाणी देऊन तळे निम्मे झाले, की पिंजऱ्यात एक मासाही न वाढवता हे ओझे दुप्पट होते, आणि तेही पाणी सर्वांत तापलेले असताना. त्यामुळे घनता ठरवताना पाणी भरलेल्या तळ्याचे नव्हे, उन्हाळ्यात उरेल तेवढेच धरावे, किंवा बागेच्या पाळ्या वाढण्याआधी निम्मी मासळी काढून विकावी.