मनातला निसर्ग

पावसाळ्यात आमच्या भिसेगावातून समोरच्या डोंगरावर ढग उतरलेले दिसले, की मला प्रफुल्ला डहाणूकर आठवतात. जन्म १९३४ चा, गोव्यातला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५५ मध्ये सुवर्णपदक मिळवलं, १९६१ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन शिकल्या. त्यांच्या निसर्गचित्रांत झाड, घर, वाट शोधायला जाऊ नका. बहुतेकदा एखाद्याच रंगाच्या छटांमध्ये पाणी, क्षितिज, आकाश विरघळलेलं असतं. पाहून झाल्यावर मनात उरतो ना, तो निसर्ग! लग्न झालं, संसार झाला, पण कुंचला सुटला नाही. उलट धडपडणाऱ्या कितीतरी चित्रकारांना त्यांनी हात दिला. २०१४ मध्ये त्या गेल्या.

परवा बचत गटाच्या बैठकीत एक जण सांगत होती, "ताई, पोरगी नुसती चित्रं काढत बसते. शेवटी वहीच काढून घेतली!"

माझीही चित्रांची वही लग्नानंतर माहेरीच राहिली, ती कायमची. मी म्हटलं, "अगं, आधी तिची वही तिला परत दे. रंगांचं मी बघते."