पाच सेंटिमीटरचा नियम

रमजान हा सब्रचा महिना. सब्र या शब्दाचा अर्थ आपण साधारणपणे 'सहन करणे' असा घेतो. पहाटे सहरी करायची, दिवसभर दुकान, शेत, कॉलेज सांभाळायचे आणि मगरिबच्या अजानला खजूर खाऊन रोजा सोडायचा, हे धरणगावच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवे नाही. पण सब्रमध्ये सहन करण्याइतकेच नेटाने उभे राहणेही येते. ते समजून घ्यायला आज एका कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूची कारकीर्द पाहू.

कॉलेजच्या खेळाडूचे आयुष्य आपल्याकडेही तीन-चार वर्षांचेच असते. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून जमले तर विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी दूरचा रेल्वेप्रवास. पदवी हातात पडली की बूट माळ्यावर जातात. मुलगी असेल तर कित्येकदा त्याआधीच. अमेरिकेत मात्र कॉलेजचा बास्केटबॉल हा मोठा कारभार आहे. शिष्यवृत्ती मिळते, सामने टीव्हीवर दिसतात आणि तिथूनच व्यावसायिक संघांची वाट सुरू होते. बिल्किस अब्दुल-कादिर हिचे स्वप्न त्याच वाटेवरचे होते.

बिल्किस मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड शहराची. जन्म 1990 चा. या शहरातच 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. बिल्किसची उंची साडेपाच फुटांच्या आतली, म्हणजे या खेळात बेताचीच. पण चेंडू हातात आला की तिला अडवणे कठीण. शाळेत असतानाच तिने हिजाब घ्यायला सुरुवात केली. डोके, हात-पाय झाकून ती खेळायची. 2009 मध्ये शाळा संपली तेव्हा तिच्या नावावर 3,070 गुण होते. मॅसॅच्युसेट्समध्ये शालेय स्तरावर मुलगा असो वा मुलगी, एवढे गुण तोवर कोणाचेच नव्हते. पुढे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या रेबेका लोबो यांचा विक्रम तिने मोडला होता.

त्याच वर्षी रमजानमध्ये, 1 सप्टेंबरला, व्हाइट हाउसमध्ये इफ्तारची दावत होती. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या भाषणात पाहुण्यांसमोर या अठरा वर्षांच्या मुलीचे नाव घेऊन कौतुक केले. मेम्फिस विद्यापीठाची शिष्यवृत्ती तिला मिळालीच होती. सगळे सुरळीत दिसत होते.

पहिल्याच वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि हंगाम बाकावर बसून गेला. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूला चार हंगाम खेळता येतात; दुखापतीने हुकलेले वर्ष नंतर भरून घेण्याची सोय असते. त्यामुळे ती 2010 मध्ये मैदानात उतरली. पहिल्या दर्जाच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू म्हणून तिची नोंद होते. मेम्फिसची पदवी घेऊन शेवटचा हंगाम ती इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळली. 2014 मध्ये युरोपात व्यावसायिक खेळाडू होण्याची तयारी सुरू झाली, आणि तिथे गाडी अडली.

'फिबा' ही बास्केटबॉलची जागतिक संघटना. तिच्या नियमानुसार खेळाडूला डोक्यावर फार तर पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी बांधता येत होती. त्याहून मोठे काहीही चालणार नव्हते. कारण सांगितले जाई सुरक्षिततेचे. पण बिल्किस शाळेपासून शेकडो सामने हिजाब घालूनच खेळली होती.

रोजा ठेवून खेळणे हे खेळाडूच्या स्वतःच्या हातात असते. ह्यूस्टन विद्यापीठातून पुढे आलेला हकीम ओलाजुवान हा मोठा खेळाडू रोजे ठेवून एनबीएचे सामने खेळायचा. 1995 चा रमजान फेब्रुवारीत आला होता आणि त्याच महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ओलाजुवानची निवड झाली. भूक-तहान मनाच्या बळावर जिंकता येते. नियमाचे तसे नाही. तो दुसऱ्यांनी लिहिलेला असतो.

हा नियम फक्त मुस्लिम मुलींना आडवा येत होता, असेही नाही. जुलै 2014 मध्ये चीनमधल्या वुहान येथे आशिया चषक स्पर्धा झाली. भारतीय संघातले अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या शीख खेळाडूंना जपानविरुद्धच्या सामन्याआधी पगडी उतरवायला लावली गेली. याच स्पर्धेत भारताने चीनला त्यांच्याच घरी हरवण्याचा पराक्रम केला होता. सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाला हिजाब काढायला सांगितले गेले. मुलींनी सामनाच सोडला. पगडी असो की हिजाब, माप तेच होते: पाच सेंटिमीटर.

बिल्किसपुढे दोन वाटा होत्या. हिजाब उतरवून करार करायचा, किंवा खेळ सोडायचा. त्या दिवसांत मनात शंका आल्या, श्रद्धा डळमळली, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. शेवटी तिने हिजाब ठेवला आणि नियमाविरुद्ध बोलायला सुरुवात केली. सह्यांची मोहीम चालवली, शाळा-कॉलेजांत भाषणे दिली. इकडे शीख संघटनाही आपली बाजू मांडत होत्या. फिबाने आधी दोन वर्षे प्रयोग म्हणून मर्यादित सवलत दिली. मे 2017 मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात नवा नियम मंजूर झाला आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून लागू झाला. आता चेहरा झाकला जाणार नाही, टाचणीसारखे टोचणारे काही नसेल आणि रंग नियमात बसणारा असेल, तर डोके झाकून खेळता येते.

बिल्किसला मात्र उशीर झाला होता. खेळाडूच्या ऐन उमेदीची तीन वर्षे निघून गेली होती. व्यावसायिक सामना ती खेळलीच नाही. मेम्फिसमधल्या एका शाळेत तिने मुलांना खेळ शिकवला, प्रशिक्षक झाली, मुस्लिम मुलींसाठी शिबिरे घेतली. तिच्यावर निघालेल्या माहितीपटाचे नावच 'लाइफ विदाउट बास्केटबॉल' असे आहे.

मग ही कारकीर्द फसली म्हणायची का? गुणांच्या तक्त्यात पाहिले तर ती कॉलेजपाशीच थांबते. पण आज जगात कुठेही एखादी मुलगी हिजाब घालून किंवा एखादा मुलगा पगडी बांधून आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरतो, तेव्हा पंच त्याला माघारी पाठवत नाही. हे दार उघडायला ज्यांनी खांदा लावला, त्यांत बिल्किस होती. स्वतः मात्र तिला त्या दारातून जाता आले नाही.

आपल्या गावात खेळ सोडणाऱ्या मुलींना जागतिक संघटनेचा नियम आडवा येत नाही. कुठे संध्याकाळी उशिरा घरी येण्याची काळजी असते, कुठे कपड्यांवरून बोलणी, कुठे 'आता पुरे झाले' हे एकच वाक्य. ही काळजी आणि ही बोलणी कोणत्या एका धर्माच्या घरातली नाहीत. त्यांचे मापही फार मोठे नाही. पाच सेंटिमीटरच असेल. ते बदलायला मात्र कोणत्याही अधिवेशनाची गरज नाही. घरातल्या चार माणसांनी ठरवले की पुरे.