वीज फुकट, विहीर फुकट नाही



2024 साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. तेव्हापासून पारावर एक बोलणे ऐकू येते, "बिलच येत नाही, मग मोटार चालू राहिली तर काय बिघडलं?" बिघडते ते विहिरीत. 2019 च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेड भागातील कितीतरी संत्राबागा पाण्यावाचून वाळल्या. बाग नव्याने लावली तर फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासाला चार युनिटच्या वर वीज खाते, आणि तेवढा वेळ विहीरही उपसते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

1. ऑटो स्विच बंद ठेवा. रात्री लाइन येते, मोटार आपोआप सुरू होते आणि आपण घरी झोपलेले असतो. पाणी बांध ओलांडून नाल्याला जाते. विहीर आटली तर मोटार कोरडी चालून जळते. वाइंडिंग कोणी फुकट करून देत नाही.

2. फूट व्हॉल्व्ह तपासा. 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते घड्याळ लावून पाहा व पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. विहिरीची पातळी तीच असून वेळ वाढला, तर बहुधा जाळी तुंबली आहे किंवा पाइप कुठेतरी हवा घेतो आहे.

3. पाइप सरळ ठेवा. काटकोनी एल्बोपेक्षा लांब वळणाचा बेंड बरा. पाइपाचे तोंड हौदाच्या वर विनाकारण उंच ठेवू नका. जितके उंच, तितकी मोटारीवर ओढ जास्त.

4. दुहेरी आळे करा. पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे तिकडेच असतात. खोडाला पाणी लागले तर डिंक्या येतो. आळ्यात सोयाबीनचे कुटार पसरा, पण ते खोडापासून दूर ठेवा. ओल टिकते. ठिबक असेल तर उत्तमच.

5. माती पाहून ओलित करा. झाडाच्या घेराखालची वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. घट्ट गोळा झाला तर आज मोटार लावू नका.

यात खर्चाचे काम फारसे नाही, लक्ष देण्याचे आहे. आज वाचवलेले पाणी मे महिन्यात तुमच्याच आंबिया बहाराला उपयोगी पडेल. शेजारच्या विहिरीलाही त्याचा आधार होईल, कारण जमिनीखाली धुरे नसतात.