मधे कोणीच नसलेलं नेटवर्क

वरळी कोळीवाड्याच्या बंदरात दोन होड्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत असं समजा. एका होडीतला पोरगा शेजारच्या होडीतल्या मित्राला फोनवर विचारतो, ‘उद्या किती वाजता निघायचं?’ दोघांमध्ये अंतर हातभर. पण तो प्रश्न आधी टॉवरवर जातो, तिथून केबलमधून कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर, कदाचित समुद्रापलीकडे. तिथे कोणी, कोणाला, किती वाजता याची नोंद होऊ शकते आणि मग प्रश्न शेजारच्या होडीत उतरतो! हे डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं, म्हणून आपल्याला त्याचं नवल वाटत नाही.

वाट दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, हे वरळीला सांगायला नको. तिथल्या क्लीव्हलँड बंदरातून दर्यात जायच्या वाटेवर कोस्टल रोडचे खांब येणार होते, दोन खांबांत फक्त ६० मीटर सोडून. मच्छीमार झगडले. डिसेंबर २०२२मध्ये मधला खांब वगळून १२० मीटर सोडायचं ठरलं. आपल्या गप्पांच्या वाटेवर उभे असलेले खांब मात्र दिसतच नाहीत.

मग मधे कोणीच नसलेलं सोशल नेटवर्क करता येईल?

करून झालंय. आणि ते सुचलं होडीवर राहणाऱ्या माणसालाच! न्यूझीलंडचा प्रोग्रामर डॉमिनिक टार शिडाच्या होडीवर राहायचा, इंटरनेट कधी असे, कधी नसे. त्याने २०१४च्या सुमारास ‘सिक्युअर स्कटलबट’ उभं केलं.

यात खातं उघडायला ना मोबाइल नंबर लागतो, ना ईमेल, ना कोणाची परवानगी. फोन स्वतःच किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक गुप्त, एक उघड. उघड किल्ली हीच तुमची ओळख. पण तीच किल्ली दुसऱ्या कोणाला मिळाली तर? कुठे नोंदणी नाही, कोणी तपासत नाही! तपासायची गरजच नाही. शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या लिहायला ७५हून जास्त अंक लागतात. दोघांना एकच किल्ली मिळणं जवळपास अशक्य.

आता तुम्ही लिहिता. प्रत्येक नोंदीवर गुप्त किल्लीची सही होते आणि आधीच्या नोंदीचा गणिती ठसाही त्यात गुंफला जातो. मागच्या नोंदीतला एक काना जरी कोणी बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो आणि लबाडी उघडी पडते. म्हणून तुमचं लेखन कोणीही वाहून नेलं तरी चालतं. नेणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागत नाही.

आणि नेतात कोण? मित्र! ससून डॉकहून कित्येक दिवसांच्या फेरीवर गेलेल्या नाखवाने रेंज नसताना काही लिहिलं. वाटेत दुसरी बोट जवळ आली, एकाने हॉटस्पॉट लावला, दोन फोनांनी एकमेकांकडे नसलेल्या नोंदी उचलल्या. ती बोट आधी बंदराला लागली की नाखवाचे शब्द त्याच्याआधी घरी. तुमचा फोन मित्रांच्याच नव्हे, मित्रांच्या मित्रांच्याही नोंदी जपून ठेवतो. इंटरनेट मिळालं तर त्यावरूनही हे चालतं, नाही मिळालं तरी अडत नाही.

मला सर्वांत थक्क करतो तो खासगी निरोप. तोही याच हातांतून जातो, पण कुलूपबंद, आणि तो कोणासाठी आहे हेसुद्धा त्यावर लिहिलेलं नसतं! मग पोचतो कसा? प्रत्येक फोन आपली किल्ली लावून पाहतो. उघडला तर आपला, नाही तर गुपचूप पुढे.

याची किंमत मोजावी लागते. गुप्त किल्लीची प्रत न ठेवता फोन पाण्यात पडला, तर ती ओळख कायमची गेली. पासवर्ड बदलून द्यायला कोणी बसलेलंच नाही. आणि लिहिलेलं पुसता येत नाही, प्रती किती फोनांत गेल्या कोण जाणे. ही दुसरी गोष्ट मला खरोखर खुपते. विसरलं जाण्याचा हक्क माणसाला हवा.

बहुतेकांना पेलतो तो मधला मार्ग. ऑयगन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६मध्ये आणलेलं मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क. यात सर्व्हर असतात, पण हजारो, वेगवेगळ्या मालकांचे. २०१८मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मान्य केलेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक नियमांनी ते एकमेकांशी बोलतात. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा नोव्हेंबर २०१९मध्ये हजारो भारतीय इकडे वळले. इथले खासगी निरोप मात्र सर्व्हर चालवणारा वाचू शकतो, म्हणून तो कोण आहे हे आधी बघावं. नाहीच पटलं, तर फॉलोअर्ससकट दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवता येतं. जुन्या पोस्ट तेवढ्या मागे राहतात.