पायांतील धमनी व फुग्याचा उपचार

नालासोपारा स्थानकाचा जिना चढतांना पोटरींत कळ येऊन मध्येंच थांबणारे वयस्क गृहस्थ वाचकांनीं पाहिले असतील. क्षणभर उभें राहिलें कीं कळ ओसरते. चालूं लागलें कीं पुन्हा येते. मीहि त्यांतलाच एक. लोकांस कळूं नये म्हणून तेवढा वेळ भिंतीवरील जाहिराती वाचीत उभा राहत असें. घरांत ह्यास 'वात' म्हणून तेल चोळतात. परंतु पुष्कळदां तें पायाच्या धमनीचें अरुंद होणें असतें. धूम्रपान व मधुमेह हे त्याचे मोठे सोबती. उपेक्षा झाल्यास बोट काळें पडून पाय कापण्याची पाळी येते.

१६ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें डॉ. चार्ल्स डॉटर ह्यांनीं, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडींतील धमनींत बारीक व मग जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय वाचला. पुढें १९७४ सालीं झूरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्सिग ह्यांनीं नळीच्या टोकाशीं लांबट फुगा बसविला, तोहि प्रथम पायासाठींच. हृदयाची पाळी १९७७ सालीं आली. 'धमनी' शब्द फुंकणें ह्या अर्थाच्या 'ध्मा' धातूशीं जोडला जातो, म्हणून मला ह्या योजनेची मौज वाटली. मात्र ह्या फुग्यांत वारा नव्हे, क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य मिसळलेलें मिठाचें पाणी दाबानें भरतात.

फुगा आंतील मळ दाबून सपाट करतो, असा आरंभीं डॉक्टरांचाहि समज होता. क्ष-किरणाच्या चित्रांत पोकळीची केवळ सावली दिसते. भिंतीचें काय झालें तें कळत नाहीं. म्हणून बारीक नळीच्या टोकास ध्वनियंत्र बसवून तें धमनींतच नेऊं लागले. सेकंदास दोन ते चार कोटि कंपनांचा, कानास न ऐकूं येणारा तो ध्वनि भिंतीवरून परततो व झाडाच्या बुंध्याच्या कापाप्रमाणें धमनीचा आडवा छेद पडद्यावर उमटतो. १९९० नंतरच्या दशकांत हॉलंडांतील संशोधकांनीं मांडीच्या धमन्या उपचारापूर्वीं व नंतर अशा ताडून पाहिल्या. मळ फारसा कमी झालेला नसे. त्यास चीर पडलेली असे व भिंत ताणली गेलेली असे. आमच्या शूर्पारक बंदराची खाडी गाळानें भरली. ती न उपसतां नुसते कांठ रुंद करावे, तसाच हा प्रकार! ताणलेली भिंत आकसते, चिरेवर नवीन पेशी वाढतात, म्हणून कित्येकांची वाट कांहीं महिन्यांत पुन्हा अरुंद होते. ह्यावर औषधाचा लेप दिलेले फुगे निघाले आहेत. तरीहि उपचारानंतर पोटरीवर बाहेरून ध्वनियंत्र लावून प्रवाह वरचेवर तपासावा लागतो.

मजजवळ हीं सारीं चित्रें नाहींत. डॉक्टरांनीं घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशीं ताडला. गुणोत्तर ०·९० किंवा त्याहून कमी असल्यास धमनी अरुंद समजतात. माझें ०·७८ भरलें. फुगा घालून मोकळा करा, असें मीं म्हणतांच ते हंसले. "मास्तर, आधीं चाला. कळ येईपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. विडी मात्र आजपासून बंद."

हल्लीं मी रोज सकाळीं बुरुड राजाच्या कोटाकडे, म्हणजे १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजींनीं उकरलेल्या स्तूपाकडे, चालत जातों. पूर्वीं वाटेंत चारदां थांबावें लागे. गेल्या आठवड्यांत दोनदां थांबलों.