टोचलेलं परत काढता येत नाही

"गोळ्या लिहून दिल्या, पण सुई नाही दिली," असं कुरकुरत दवाखान्याच्या पायऱ्या उतरणारा रुग्ण बीड जिल्ह्यातल्या आष्टी-कड्याच्या पट्ट्यात नवा नाही. मराठवाड्याच्या खेड्यांत सुईवरचा भरवसा जुना आहे. ताप असो, कंबर असो की अर्धशिशी, काहीतरी टोचलं गेलं की निम्मं दुखणं तिथंच उतरतं. अर्धशिशीसाठी ही सुई बहुधा डायक्लोफेनॅकची असते. तासा-दोन तासांत ठणका ओसरतो, बाई घरी जाऊन भाकरी थापायला बसते, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा डोक्याला फडकं आवळून त्याच बाकावर येऊन बसते.

गेल्या दीड दशकात मात्र अर्धशिशीसाठी वेगळ्या जातीच्या सुया आल्या. त्या चढलेलं दुखणं उतरवत नाहीत. पुढची दुखणी कमी यावीत म्हणून आधीच टोचायच्या असतात. त्या सगळ्यांसाठी नाहीतच. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान ८ दिवस खरी अर्धशिशी असते, अशा जुनाट मायग्रेनसाठी त्यातली मुख्य सुई, बॉटॉक्स, मंजूर झाली आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार कर्नाटकात वर्षभरात सुमारे २५ टक्के प्रौढांना मायग्रेनचा त्रास होतो. जुनाट अवस्थेला पोचणारे त्यातले थोडे. पण त्यांचा निम्मा महिना अंधाऱ्या खोलीत जातो.

जुन्या सुईचा हिशेब आधी मांडायला हवा. डायक्लोफेनॅक पोटाला आणि मूत्रपिंडाला जाचतं. दिवसभर उन्हात, पुरेसं पाणी न पिता राबणाऱ्या शरीरात तर जास्तच. कमरेखाली चुकीच्या जागी टोचलं तर पायाची मोठी शीर दुखावते आणि पाऊल लुळं पडू शकतं. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस, किंवा मायग्रेनवरच्या ट्रिप्टान आणि मिश्र गोळ्या १० दिवस, अशा महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर औषधच नवी डोकेदुखी तयार करतं. त्यामुळे बाकावर पुन्हा येऊन बसलेल्या त्या बाईचं दुखणं कित्येकदा मागच्या सुयांनीच ओढून आणलेलं असतं.

नव्या सुयांतली पहिली बॉटॉक्स. तिचं मूळ सडक्या मांसात आहे. १८२०च्या सुमारास जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी मसाला भरलेल्या मांसाच्या गुंडाळ्या खाऊन लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. अशा गुंडाळीला लॅटिनमध्ये बोटुलस म्हणतात, म्हणून विषाचं नाव बोटुलिनम. १८९५ मध्ये बेल्जियममध्ये एका अंत्यविधीच्या जेवणातल्या डुकराच्या मांसाने माणसं दगावली, आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यातून जंतू शोधला. अमेरिकी डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी हेच विष अत्यल्प मात्रेत तिरळ्या डोळ्यांसाठी वापरलं. त्याला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नव्वदच्या दशकात सुरकुत्यांसाठी ते घेणारे काही जण सांगू लागले, की डोकंही कमी दुखतंय. जुनाट मायग्रेनसाठी मान्यता आली ती २०१० मध्ये.

पद्धत ठरलेली आहे. कपाळ, भुवयांच्या मधोमध, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा ३१ जागी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. हे विष नसेच्या टोकाशी स्नायूला मिळणारा निरोप अडवतं, आणि दुखण्याचे संदेशही दाबतं असं मानतात. मोठ्या दोन चाचण्यांत मिळून १३८४ रुग्ण होते. बॉटॉक्स घेणाऱ्यांचे महिन्याचे डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ने घटले, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांचेही ६.६ने! सुईवरच्या भरवशाला एवढा पुरावा पुरे. वरचा फरक लहान वाटतो, पण तो खरा होता.

दुष्परिणामांचे आकडे त्याच चाचण्यांतले आहेत. मान दुखणं सुमारे ९ टक्क्यांना, मिठाच्या पाण्यावर ३ टक्क्यांना. पापणी खाली येणं सुमारे ४ टक्क्यांना. मान-खांदा आखडणं, स्नायूंत अशक्तपणा, काही दिवस उलट डोकेदुखीच वाढणं, हेही तितक्याच प्रमाणात. कपाळावर सुई जरा खाली बसली तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं आणि एक डोळा अर्धा मिटलेला राहतो. कधी भुवयांची टोकं वर चढतात आणि शांत बसलेला माणूस नाटकातल्या खलनायकासारखा दिसू लागतो. हे काही आठवड्यांत आपोआप निवळतं. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर मात्र तडक रुग्णालय गाठायचं. औषध दूर पसरल्याच्या अशा घटनांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, जरी मायग्रेनच्या मात्रेत हे अगदी विरळा. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या सुया चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवं.

शहरातल्या माहितीपत्रकात 'मानेत सौम्य अशक्तपणा' अशी एक ओळ असते. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याला ती सौम्यच. आष्टी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या बाईला उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं. उन्हाळ्यात हंडा डोक्यावरच. तिच्या मानेची ताकद महिनाभर जरी उणी झाली, तरी मजुरीच्या हिशेबात खाडा पडतो. मान-खांद्याच्या जागा टोचण्याआधी 'बाई, डोक्यावर ओझं वाहता का?' हा प्रश्न विचारायला हवा, आणि डॉक्टरांनी विचारला नाही तर बाईने आपणहून सांगायला हवं.

गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते. सुई तशी नसते. गुण जितका टिकतो तितकाच अवगुणही टिकू शकतो. न परतणाऱ्या उपचाराचं मोल बीड जिल्ह्याने फार महागात मोजलं आहे: २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अर्धशिशीच्या सुईची तुलना त्या शस्त्रक्रियेशी होणार नाही. पण पुढे काय होईल हे आधी विचारण्याचा हक्क दोन्हीकडे तोच आहे.

दुसरी जात सीजीआरपीविरोधी प्रतिपिंडांची. सीजीआरपी हा नसांतून सुटणारा, रक्तवाहिन्या फुलवणारा रेणू. मायग्रेनमध्ये तो वाढतो हे लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी दाखवलं, आणि २०२१ चा ब्रेन प्राइझ ज्या चौघांना मिळाला त्यांत हे दोघे होते. २०१८ मध्ये अमेरिकेत एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब आणि गाल्कानेझुमॅब एकामागून एक मान्य झाली. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, सहसा महिन्यातून एकदा. टोचल्या जागी लाली, गाठ, खाज हा नेहमीचा त्रास. फ्रेमानेझुमॅबच्या चाचण्यांत तो सुमारे ४५ टक्क्यांना झाला, पण औषध नसलेल्या सुईनेही ३८ टक्क्यांना!

एरेनुमॅबचं प्रकरण जास्त गंभीर. चाचण्यांत बद्धकोष्ठ जेमतेम ३ टक्क्यांना दिसला. बाजारात आल्यावर काहींना त्यापायी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, काहींवर शस्त्रक्रियाही झाली, म्हणून २०१९ मध्ये माहितीपत्रकात इशारा वाढला. २०२० मध्ये रक्तदाबाचा. दाब बहुतेकदा सुईनंतरच्या आठवड्यात चढलेला आढळला, म्हणजे त्या आठवड्यात उपकेंद्रावर जाऊन तो मोजून घेणं हे फुकटातलं काम आहे. हे औषध शरीरात निम्मं व्हायला सुमारे चार आठवडे लागतात, पुरतं जायला पाच-सहा महिने. मूल हवं असलेल्या बाईने हा हिशेब आधी करायचा.

तिसरी, स्वस्तातली सुई म्हणजे डोक्यामागच्या नसेजवळ भूल देणाऱ्या औषधाची. थोडा वेळ चक्कर, बधिरपणा. सोबत स्टेरॉइड मिसळलं असेल तर तिथले केस चकतीसारखे गळू शकतात आणि मधुमेह्याची साखर काही दिवस चढते.

बॉटॉक्स आणि ही प्रतिपिंडं २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. मे महिन्यात वीज गेलेल्या घरातलं फ्रिज त्यासाठी भरवशाचं नाही. आष्टीकर मेंदूविकारतज्ज्ञासाठी अहिल्यानगर नाही तर पुणे गाठतात. २३ सप्टेंबर २०२२ ला न्यू आष्टी ते अहिल्यानगर ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून एक सोय वाढली. पण स्वस्त पडते म्हणून कुपी स्वतः आणून गावात टोचून घेण्याचा मोह टाळलेला बरा. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या हातून टोचलेल्या बॉटॉक्सने त्रास झाला, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं.

सुईपर्यंत जाण्याआधी एक वही हवी. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली: डोक्यावरून न्हाल्यावर त्यांची अर्धशिशी उठत होती. पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारं हे कारण रुग्णांना विचारलं म्हणून कळलं. न्हाणं, उपास, जागरण, पाळी, कडक ऊन आणि घेतलेली प्रत्येक गोळी यांची तीन महिन्यांची नोंद असेल, तर सुईने दुखणं कमी केलं की नवं काही लावून दिलं, हे तीच वही सांगते.

आणि नवं काही लागलंच, तर ते कळवण्याची जागा आहे. भारताच्या औषध दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाचा विनामूल्य क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, रुग्णही फोन करू शकतो. तिथे सुईचं नाव, टोचल्याची तारीख, त्रास कधी सुरू झाला ते आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक विचारतात, म्हणून दवाखान्यातून निघताना रिकामं खोकं मागून पिशवीत टाकायचं.