पेल्यावर चालणारी नभोवाणी

अमेरिकेतील एखाद्या शहरात तेथील सार्वजनिक नभोवाणीसाठी मद्यास्वादाचा महोत्सव भरतो, तेव्हा त्यामागचा व्यवहार सरळ असतो. द्राक्षमद्याचे उत्पादक बहुधा बाटल्या देणगीदाखल देतात, नागरिक तिकीट काढून येतात, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम केंद्राकडे जमा होते. बोस्टनच्या ‘डब्ल्यूजीबीएच’ केंद्रानेही असे महोत्सव भरविले आहेत. याच केंद्राने १९६३ पासून ज्युलिया चाइल्ड यांचा फ्रेंच पाककलेचा कार्यक्रम चित्रवाणीवर दाखविला. कार्यक्रमाच्या शेवटी बाई पेला उंचावीत. परंतु त्यात मद्य नसे, रश्शाला रंग आणणाऱ्या अर्काचे पाणी असे. खऱ्या मद्याचा खर्च केंद्राला पेलण्यासारखा नव्हता!

प्रसारण ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे घटत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला वगळताही येत नाही. साहजिकच फुकट ऐकणारेच अधिक. मद्याचा पेला मात्र ज्याने घेतला त्याचाच. म्हणून जी किंमत ऐकण्यासाठी मागता येत नाही, ती पेल्याच्या तिकिटात घालून वसूल करावी लागते. अमेरिकेचा करकायदाही हा भेद ओळखतो. खाद्यपेयांचे मूल्य वजा जाता उरलेल्या रकमेलाच तो देणगी मानतो.

याला पर्याय नव्हता असे नाही. ब्रिटनने परवाना-शुल्काचा मार्ग धरला. भारतातही १९८५ पर्यंत रेडिओचा परवाना टपाल कचेरीत जाऊन नूतनीकृत करावा लागे. अमेरिकेत १९६७ साली कार्नेगी आयोगाने चित्रवाणी संचांवर कर बसवून त्याचे उत्पन्न सार्वजनिक प्रसारणासाठी राखून ठेवावे, अशी शिफारस केली होती. काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला, महामंडळ स्थापन केले, परंतु कर तेवढा वगळला. तेव्हापासून हे प्रसारण राजकीय मर्जीवर अवलंबून राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये ती मर्जी संपली. पुढील दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काँग्रेसने परत घेतले. दरडोई हिशेब केला तर वर्षाला दीड डॉलरच्या आसपासची ही रक्कम. ऑगस्टमध्ये महामंडळाने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

बोस्टनसारख्या शहरात ही तूट देणग्या, वर्गणी आणि असे महोत्सव काही अंशी भरून काढतील. परंतु अलास्कातील बेथेल येथे काय करावे? तेथील ‘केवाययूके’ केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबरच युपिक या स्थानिक भाषेतही बातम्या देते. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग महामंडळाकडून येत असे. बेथेलला बाहेरून रस्ता नाही. भोवतालची गावे लहान आणि गरीब, आणि त्यांपैकी अनेकांत मद्यबंदी आहे. तेथे पेला उंचावून पैसा उभा करण्याची कल्पनादेखील हास्यास्पद ठरेल.

अनुदान थांबल्याला महिनाही झाला नव्हता, तोच ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘हालाँग’ या चक्रीवादळाचे अवशेष त्या किनाऱ्यावर आदळले. किपनक आणि क्विगिलिंगोक या गावांत घरेच्या घरे पाण्याबरोबर वाहून गेली आणि परिसरातील हजारावर माणसांना गाव सोडावे लागले. त्या दिवसांत त्यांच्या बातम्या देत होते ते नोकरकपात झालेले हेच केंद्र.